ज्योत्स्नाचा उजवा हात

आमच्या गल्लीत ज्याला त्याला वाटतं, बेबीनंदाबाईला, म्हणजे मला, अक्कल शिकवावी. तो पियानो विकून टाका म्हणे. एखाद्या शाळेला देऊन टाका म्हणे. समोरच्या गिरिजाबाईनं तर हद्दच केली. "बाई, नुसती धूळ बसती त्याच्यावर, तेवढ्या जागेत एक दिवाण मावंल," म्हणाली. मी म्हणलं, "गिरिजाबाई, तुमच्या घरात दिवाण आहे ना? मंग त्यावर बसा गुमान." तवापासून ती माझ्याशी बोलत न्हाई. न बोलू दे, माझं काय अडलंय?

मी धावड्याच्या शाळेत चौथीला शिकवता शिकवता रिटायर झाले. आता भोकरदनला बस स्टँडच्या मागं आमचं घर आहे, त्यात मी आन् माझा नवरा तातेराव, दोघंच. नवऱ्याचं नाव घेते म्हणून बायका नाक मुरडतात, मुरडू द्या. आमची एकुलती एक पोरगी ज्योत्स्ना मागच्या वर्षी पोळ्यानंतर डेंग्यूनं गेली. संभाजीनगरला एका शाळेत ती संगीत शिकवायची आन् शनिवारी घरी यायची. त्या शनिवारी अंगात ताप घेऊन बसमधून उतरली, आन् पुढचा शनिवार काही तिनं बघितला न्हाई. ह्याच्यापुढं मला सांगता येत न्हाई. कुणी खोदून विचारलं की माझं डोकं फिरतं.

पियानो म्हणजे ते सिनेमातलं काळं धूड न्हाई. लाइटवर चालणारा, लांबडा, भिंतीला लावून ठेवायचा. पट्ट्या मात्र खऱ्या पियानोवाणी जड. ज्योत्स्नानं स्वतःच्या पगारातून जुना घेतला होता. तिचा बाप भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवणारा, आन् मी कोरसला बसून टाळ्या धरणारी. चौदा एप्रिलला आम्हाला जेवायला सवड नसायची, एवढ्या गावांची बोलावणी. पोरगी लहानपणी आमच्यासोबत पेटीवर बसायची. कॉलेजात गेली आन् तिला ह्या पियानोचं याड लागलं. तातेराव तिला चिडवायचे, "पोरी, हे काय वाजवून राह्यली? ह्याची सम कुठंय?" ती म्हणायची, "आहे पप्पा, सम आहे. पण ती ओरडून सांगत न्हाई." बाप-लेकीचं हे रोजचं होतं.

ती गेल्यावर मी पियानोवर चादर टाकली आन् त्या बाजूला बघणंच सोडून दिलं. उन्हाळ्यात एक दिवस मी आत भाकरी थापून राह्यले होते. तातेराव चादर झटकायला गेले, वायर नीट करता करता त्यांच्याकडून कुठलं तरी बटन दाबल्या गेलं. आन् बाहेरच्या खोलीत ज्योत्स्ना वाजवायला लागली.

मी पिठाचे हात तसेच घेऊन पळाले. तातेराव चादर छातीशी धरून उभे. पट्ट्या हालत नव्हत्या, पर सूर निघत होता. मी काही अडाणी न्हाई. ह्या मशीनमध्ये वाजवलेलं जपून राहतं, एवढं मला कळत होतं. तरी मी पिठाच्या हातानं दाराची चौकट धरली, कारण तो तिचाच हात होता. वरच्या सुराला जायच्या आधी ती जराशी थांबायची, तशीच थांबत होती. पर सगळं अर्धंच होतं. एकटाच सूर, मधी मधी मोकळी जागा. ती फोनवर कुणाशी बोलत असली आन् पलीकडचं माणूस आपल्याला ऐकू येत नसलं, की कसं वाटतं, तसं.

मी गंधालीला फोन लावला. गंधाली म्हणजे ज्योत्स्नाची मैत्रीण, जालन्याला पियानोचे क्लास घेते. पोरगी दुपारच्या बसनं आली. तिनं ते सगळं ऐकलं, ओढणीनं डोळे पुसले आन् मला समजावून सांगितलं.

"काकू, हा नुसता उजवा हात आहे. दीडशे वर्षांपूर्वीची, तिकडं युरोपातली रचना आहे ही. त्या काळातल्या लोकांना फार आवडायचं असं. जेवढ्या वेळात उजवा हात दोन सूर वाजवणार, तेवढ्याच वेळात डावा तीन. पहिल्या ठोक्याला दोघं भेटतात, मंग आपापल्या वाटेनं जातात, परत भेटतात. ज्योत्स्नाचा डावा हात ह्याच्यात घोटाळायचा. म्हणून तिनं उजवा आधी वाजवून ठेवला, म्हणजे त्याच्यासोबत नुसत्या डाव्याची प्रॅक्टिस करता येईल."

"मंग डावा कुठंय?"

"डावा राहिला, काकू."

मी तिथंच, त्या मिनिटाला ठरवून टाकलं. डावा मी वाजवणार. पोळ्यानंतर तिचा पहिला स्मृतिदिन येणार होता. सगळे पाहुणे येणार, भंतेजी येणार. त्या दिवशी माझी पोरगी अशी अर्धी वाजणार न्हाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरी वाजणार, आन् मी तिच्यासोबत वाजवणार. मला दुसरं काही नको होतं.

गंधाली अडखळली. "काकू, ह्याला वर्षं जातात हो."

"चौथीच्या पोरांना भागाकार शिकवलाय मी. एकेकाच्या डोक्यात नुसता कांदा-बटाटा भरलेला. ते शिकले, मंग मला काय धाड भरली? तू शिकव."

ती रडता रडता हसली. बिचारीनं डाव्या हाताचं लय सोपं करून चार पानांवर लिहून दिलं, लांबच्या उड्या काढून टाकल्या, बोटांवर पेनानं आकडे टाकून दिले. दर रविवारी जालन्याहून यायची, आन् मी बसचे पैसे पुढं केले की हात मागं घ्यायची.

सुरुवातीला तिनं मला पियानोला हातच लावू दिला न्हाई. मांडीवर वाजवा म्हणाली. उजव्या मांडीवर दोन, डाव्या मांडीवर तीन. करून बघा तुम्ही. आपण स्वतःला एवढं शहाणं समजतो, आन् आपलेच दोन हात आपलं ऐकत न्हाईत. मी उजव्याकडं बघितलं की डावा बी दोनच वाजवायचा. डाव्याला दटावलं की उजवा तीन. गंधालीनं मंग एक युक्ती सांगितली, ज्योत्स्नाचीच. ती शाळेतल्या लेकरांना म्हणायला लावायची, "ये, बसुया." 'ये'ला दोन्ही हात, 'ब'ला डावा, 'सु'ला उजवा, 'या'ला परत डावा. घरात नुसतं ये बसुया, ये बसुया सुरू झालं. भांडी घासताना ये बसुया, नळाला हंडा लावून ये बसुया. दूधवाला राधेश्याम दारात उभा होता, तो म्हणला, "नको मावशी, आज जल्दीत आहे." मी हसले. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असंल. मंग मलाच माझा राग आला, आन् मी दुधाचं पातेलं आदळलं.

मांडीवर जमलं, पट्टीवर जमलं. खडू धरून धरून वाळलेली माझी बोटं हळूहळू वाकायला लागली. गंधाली म्हणाली, आता ज्योत्स्नासोबत वाजवून बघा. तिनं बटन दाबलं आन् सगळा काला झाला.

त्याचं असं आहे. गायन पार्टीत आम्ही एकच शिकलो, गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचं. आमचा गाणारा रखमाजी, आवाज सोन्याचा, पर तालाशी त्याचं काही देणंघेणं न्हाई. अंतऱ्यात रमला की रमला. तो थांबला की तातेरावांची ढोलकी थांबणार, त्यानं घाई केली की आमच्या टाळ्या त्याच्या मागं पळणार. समोरच्या माणसाला वाटायचं, काय बराबर बसवलंय. एवढी वर्षं आम्ही हेच केलं आन् ह्यालाच वाजवणं म्हणलं. मंग ज्योत्स्ना वरच्या सुराआधी थांबली की माझा डावा हात आपसूक थांबायचा. ती पुढं सरकली की मी धावायची. मी पोचेपर्यंत ती दुसरीकडंच गेलेली. रखमाजी निदान मागं वळून तरी बघायचा. मशीनमधली पोरगी कशाला बघती?

असे कितीक रविवार गेले. एक दिवस गंधाली म्हणाली, "काकू, तिच्या मागं जाऊ नका. ती थांबली तरी तुम्ही थांबायचं न्हाई. तुम्ही तुमचं चालत राहा, ती येते बराबर."

माझं टाळकंच सरकलं. "कुठून येती ग? सांग ना, कुठून येती? पोरगी थांबली आन् आई चालत राहिली, अशी आई बघितलीस का कुठं? तुला सांगायला काय जातं! तुझी आई तुला जालन्याहून दहादा फोन करती, पोचलीस का, जेवलीस का. मी कुणाला फोन करू? मी थांबणार. मी शंभरदा थांबणार. तुझ्या त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या बुवाला काय करायचं ते करू दे."

गंधाली पियानोच्या कडेला डोकं टेकवून हुंदके द्यायला लागली. "ती माझी पण होती, काकू," म्हणाली. माफी मागायची मला सवय न्हाई. मी उठून चहा टाकला, तिच्या कपात साखर जास्त घातली, आन् तिला समजलं.

तातेरावांचं निराळंच चाललं होतं. पोरगी गेली तवा त्यांनी ढोलकी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. रखमाजी येऊन हात जोडून गेला, पार्टी बंद पडायची वेळ आली, तरी हे ढिम्म. पर मी पियानोवर बसले की कुठं बी असले तरी येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. मी धडपडले की त्यांच्या तोंडावर जरा उजेड यायचा. मला वाटायचं, ह्यांना माझी गंमत वाटती. मी म्हणायची, "हसा, हसा. तुम्हीच या ना मंग वाजवायला." ते म्हणायचे, "चालू दे ग तुझं. घाई काय आहे?" मला घाई होती. पोळा तोंडावर आला होता.

शेवटी मीच मास्तरकीची युक्ती काढली. ज्योत्स्नाकडं कान गेला की पाय घसरतो, तर कानच द्यायचा न्हाई. बटन दाबायचं आन् मनातल्या मनात तीनाचा पाढा सुरू करायचा. तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ. डावा हात पाढ्यावर चालवायचा. ती थांबली काय, पळाली काय, मला पत्ताच न्हाई. डोळे समोरच्या भिंतीवर. पाढ्यात चुकणं माझ्या रक्तात न्हाई. पहिलं पान बिनचूक गेलं, दुसरं बी गेलं. तिसऱ्यावर कुठंतरी घसरायची, पर ते थोडंच. गंधाली टाळ्या वाजवून नाचायचीच बाकी राहिली. "काकू, तुम्ही करून दाखवणार," म्हणाली. दाराजवळची खुर्ची मात्र त्या आठवड्यात रिकामी राहायला लागली. तातेराव म्हणायचे, पाठ दुखती.

स्मृतिदिन आला. अंगणात मांडव टाकला, धावड्याचे माझे शाळेतले लोक आले, राजूरहून माझी बहीण आली, गल्ली तर सगळी आलीच. गिरिजाबाई बी आली, मागं उभी राहिली. ज्योत्स्नाच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं, चार शब्द बोलले. रखमाजीनं ढोलकीशिवाय एक गाणं म्हणलं, ते काही रंगलं न्हाई. पियानो आम्ही उचलून दारात आणून ठेवला होता. लाइट टिकावी म्हणून मी सकाळपासून वायरमनच्या नावानं जप करून राह्यले होते. रखमाजी माईकवर म्हणला, "आता आपल्या बेबीनंदाताई आपल्या लेकीसोबत वाजवणार आहेत." बायकांनी लेकरं मांडीवर ओढून घेतली.

मी पांढऱ्या साडीला हात पुसले आन् बटन दाबलं.

तीन एके तीन, तीन दुणे सहा. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या पानावर ज्योत्स्ना थांबली, त्या वरच्या सुराआधी. माझा हात चालत राहिला. आन् ती आली. गंधाली म्हणाली होती तशी, बराबर माझ्या बोटाखाली येऊन पोचली. पाढा आपोआप सुटला, त्याची गरजच राहिली नव्हती. दोन आन् तीन असं काही उरलंच न्हाई, सगळं मिळून एकच वाहत होतं. समोरच्या बायका पदर डोळ्याला लावत होत्या. मी मनात म्हणलं, बाई, झालं, जमलं. आता ऐक तिला.

मी ऐकायला गेले, तर ती नव्हती.

कसं सांगू? गाणं होतं. लय छान होतं, रेडिओवर लागावं असं. पर त्यात माझा हात कुठला आन् तिचा कुठला, हे मला कळंना. ती थांबायची तिची सवय, जिच्यासाठी मी एवढे महिने ठेचा खाल्ल्या, ती आता सवय राहिलीच नव्हती. ती गाण्याचीच झाली होती, तिकडच्या त्या बुवानंच लिहून ठेवल्यासारखी. कुणीबी वाजवावं आन् असंच वाजावं. मी चुकत होते तवा तिचं बोट न् बोट वेगळं ऐकू यायचं. इथं दचकली, इथं दम घेतला, इथं करंगळी हलकी पडली. रोज ऐकू यायचं आन् मी वेडी त्याला माझी चूक समजून पुसत बसले होते. माझ्या हातानं मी तिला पुसून टाकली.

मी घाबरून तातेरावांकडं बघितलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते आन् गर्दीत लेकरू हरवलेल्या माणसावाणी इकडं तिकडं बघत होते. तवा मला त्यांच्या तोंडावरचा तो उजेड कळला. त्यांची पाठ का दुखत होती, ते बी कळलं.

शेवटचं पान उरलं होतं. ते असंच गेलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, डोळे पुसले असते आन् जेवायला बसले असते. गंधाली पुढं बसून बोटानं ताल धरत होती, तोंडभर हसत होती. मला तिची कीव आली, माझी बी आली. पर माझ्याच्यानं राहवलं न्हाई. पुढचा ठोका आला तवा मी डावा हात वर उचलला, धरून ठेवला आन् उशिरा टाकला. मुद्दाम.

सगळं विसकटलं. तीनाला दोन लागंनात, माझा हात दगडावरून बैलगाडी जावी तसा खडखडायला लागला. कुणीतरी "अर्रर" केलं. गंधालीचा चेहरा उतरला. रखमाजी बिचारा, कधी न्हाई ते, टाळ्या धरून मला सांभाळून घ्यायला लागला, मी त्याला मानेनंच न्हाई म्हणलं. कारण त्या सगळ्या धडपडीच्या वरती, एकटीच, तिच्या वाटेनं, ज्योत्स्ना चालली होती. दम घेतला. दचकली. करंगळी हलकी पडली.

तातेराव गर्दीतून वाट काढत आले आन् पियानोला खेटून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं आन् त्यांना त्याचं भान नव्हतं.

"आली," ते म्हणाले. "थांबू नको. आणखी चुक."